हातचा एक

माझी नात अकोल्याला सातवीत शिकते. सुटी लागली की मेडशीला आमच्याकडे येते. आल्याबरोबर पहिले दोन दिवस तिला गावातले काहीच गोड लागत नाही. तिसऱ्या दिवसापासून तिला परत जाववत नाही. अशाच एका तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. शेजारी सौभाग्यवतींनी निवडायला काढलेली तूर सुपात पसरली होती. नात आईचा मोबाईल घेऊन आली आणि म्हणाली, "आबा, हे पाहा. चमत्कार."

कुणीतरी पाठवलेला निरोप होता. १११११११११ ला १११११११११ ने गुणले की १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या येते. ती डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, सारखीच. म्हणून ती दैवी आहे. अकरा जणांना हा निरोप पाठवा, आठ दिवसांत शुभवार्ता कळेल, वगैरे. अकरा जणांची नावे नातीने मनाशी ठरवूनही ठेवली होती.

मी विचारले, "पण असे का होते?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "चमत्काराले कारण असते का? अन् असलं तरी मले गणित येतच नाही. मले काय समजते?"

वाचकहो, मी जवळजवळ पस्तीस वर्षे बँकेत आकड्यांची चाकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. या दोन्ही धंद्यांत एक गोष्ट शिकलो. माणूस 'मला काय समजते' असे म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला कुणी समजावून घ्यायला बसवलेलेच नसते. त्या सकाळी आम्ही बसलो. त्या एका संख्येपाशी बसलो. त्यातून जे निघाले ते तुम्हालाही सांगावे असे वाटले, कारण असे निरोप आता घरोघरी येतात आणि 'मला गणित येत नाही' असे म्हणणारे मूलही घरोघरी असते.

प्रथम ही संख्या वाचायची कशी? तिच्यात सतरा अंक आहेत. आजच्या अर्थसंकल्पाच्या भाषेत बोलायचे तर ती बारा हजार तीनशे पंचेचाळीस लाख कोटींहून थोडी अधिक भरते. एखादा रोखपाल सेकंदाला एक या वेगाने, न जेवता न झोपता, इतक्या नोटा मोजायला बसला तर त्याला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. आपल्या पूर्वजांना मात्र एवढ्या मोठ्या संख्येचे भय नव्हते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. आमच्या संख्येचा डावीकडचा पहिला एक बसतो 'मध्य' या सतराव्या स्थानावर, म्हणजे परार्धाच्या एक पायरी अलीकडे. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. नातवाने आजोबांचे गणित जपले. आमच्याकडे उलटे आहे. नातीला गणितापाशी आणण्यासाठी आजोबांना धडपड करावी लागते.

यंत्रांची गंमत आणखी वेगळी. घरातल्या साध्या गणकयंत्राच्या खिडकीत हे सतरा अंक मावत नाहीत. संगणकावर हिशेबाचे तक्ते करतात, त्यात मी ही संख्या घातली तर त्याने शेवटचे दोन अंक गाळून तिथे शून्ये भरली. ते तक्ते पंधरा अंकांपर्यंतच खरे बोलतात. ३२१ चे ३०० झाले. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला हे पाहवत नाही. एकवीस गेले कुठे?

तेव्हा मी ठरवले की यंत्र नको. सुपातली तूर पुढे ओढली.

एकदम नऊ एकांना हात घातला नाही. आधी १११ गुणिले १११. शाळेत आपण हा गुणाकार कसा मांडतो? पहिली ओळ १११. दुसरी ओळ लिहिताना उजवीकडे एक फुली मारायची आणि एक घर डावीकडे सरकायचे; पुन्हा १११. तिसऱ्या ओळीला दोन फुल्या आणि पुन्हा १११. नातीने प्रत्येक एकाच्या जागी तुरीचा एक दाणा ठेवला. तीन ओळी, प्रत्येकीत तीन दाणे, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. मग मी म्हटले, "आता उभ्या रांगा मोज." उजवीकडून एक, दोन, तीन, दोन, एक. उत्तर १२३२१.

ती क्षणभर गप्प राहिली. मग काही न बोलता तिने आणखी दाणे घेतले. चार ओळी मांडल्या, पाच मांडल्या. नऊ ओळी मांडल्या तेव्हा ओसरीवर डाव्या बाजूला कललेला चौकोन तयार झाला होता, उतरत्या वाऱ्याने कलावे तसा. उभ्या रांगा मोजल्या. एक, दोन, तीन करत मधली रांग नऊ दाण्यांची, आणि पुढे पुन्हा आठ, सात करत शेवटी एक. निरोपातला चमत्कार जमिनीवर पडला होता आणि त्यात तुरीशिवाय काही नव्हते. पायऱ्यांची मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणून संख्या दोन्ही बाजूंनी सारखी.

आतून आवाज आला, "तूर निवडाले काढली मी, खेळाले नाही." आम्ही तिकडे लक्ष दिले नाही.

"किती दाणे लागले?" मी विचारले. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ. एक्याऐंशी. "आता त्या संख्येतले सगळे अंक मिळव." तिने मिळवले. एक ते नऊ पंचेचाळीस, पुढे आठ ते एक छत्तीस, एकूण एक्याऐंशी. दाणे तेवढेच अंक. आणि पुढची गोष्ट अशी की ही सतरा अंकी संख्या एक्याऐंशीने निःशेष भागली जाते. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. याचेही कारण साधे आहे. नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून १११११११११ या संख्येला नवाने भाग जातो, आणि भागाकार येतो १२३४५६७९. मग तिच्या वर्गाला नवाच्या वर्गाने, म्हणजे एक्याऐंशीने भाग जाणारच.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जी संख्या भागली जाते तिला गणितात एक नाव आहे, हर्षद संख्या. हर्ष देणारी ती हर्षद. हे नाव कुणा परदेशी विद्वानाने दिलेले नाही. ते दिले देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. आणि १२१, १२३२१, १२३४३२१ अशा चढउताराच्या संख्यांचा अभ्यास करून त्या घराण्याला 'डेम्लो' हे नाव दिले तेही त्यांनीच. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवरच्या एका स्टेशनावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून स्टेशनाचे नाव संख्यांना दिले. ते स्टेशन म्हणजे आपले डोंबिवली, असे सांगतात. रोज लाखो माणसे ज्या फलाटावर घड्याळाकडे पाहत उभी राहतात, तिथे एक माणूस एकावर एक एक रचत उभा होता, हे मला फार आवडते.

कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. शाळा ठाण्यात, पुढचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीला शाळेत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. संख्यांशी खेळत राहिले आणि पुष्कळदा स्वतःच पुस्तिका छापत राहिले. आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाणारी संख्या ६१७४. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता आणि तिथून हलत नाही. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना ही करमणूक वाटली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. तोवर मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती आणि पेन्शन पुरत नाही म्हणून शिकवण्या करत होते. १९८६ साली ते गेले.

त्यांच्या आधीही कुणी या पायऱ्यांवर बसले होते का? होते. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात २७९९४६८१ ला ४४१ ने गुणण्याचे उदाहरण आहे. उत्तर येते १२३४५६५४३२१, म्हणजे सहा एकांच्या संख्येचा वर्ग. अशा सुबक गुणाकारांना त्यांनी गळ्यातल्या हाराची उपमा दिली. त्या राष्ट्रकूटांच्या राज्यात आपला विदर्भही होता. म्हणजे नातीच्या मोबाईलवर आलेली ही माळ अकराशे वर्षे जुनी आहे, आणि ज्याने ती पहिल्यांदा ओवली त्याने ती अकरा जणांना पाठवा असे म्हटले नव्हते. गुणून पाहा, असे म्हटले होते.

पण खरी गोष्ट पुढे आहे.

नातीला आता चटक लागली होती. तिने विचारले, "आबा, दहा एक घेतले तं?" मी म्हटले, "मांड." तिने दहा ओळी मांडल्या, शंभर दाणे. उजवीकडून मोजत गेली. एक, दोन, तीन, नवापर्यंत ठीक. मधल्या रांगेत दहा दाणे निघाले. ती थांबली. दहासाठी एक अंक नाही. मग तिने शाळेत शिकवले तेच केले. शून्य लिहिले आणि हातचा एक पुढच्या रांगेत टाकला. तिथे नऊ होते, ते झाले दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या पुढे आठ होते, ते झाले नऊ. तिथून पुढे सात, सहा, पाच सरळ. उत्तर निघाले १२३४५६७९००९८७६५४३२१. माळ मध्येच तुटली. डावीकडचा आठ दिसेनासा झाला आणि मध्ये दोन शून्ये येऊन बसली.

नात हिरमुसली. "चमत्कार संपला."

मला मात्र हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. जो नियम कुठे संपतो हे आपल्याला ठाऊक नाही, तो आपल्याला समजलेलाच नाही. मी तिला या नव्या संख्येतले अंक मिळवायला सांगितले. दाणे शंभर होते; अंकांची बेरीज आली ब्याऐंशी. अठरा कमी. "अठरा दाणे कुणी खाल्ले?" ती बोटे मोडत बसली आणि मग एकदम म्हणाली, "हातच्यानं! दहा दाणे काढले अन् एकच पुढे ठेवला. एका हातच्याले नऊ जातात. दोन हातचे झाले, दोन नवे अठरा."

ज्या मुलीला गणित येत नाही तिने हे सांगितले. दहांचा एक होतो तेव्हा अंकांच्या बेरजेतून नऊ गळतात. कमी नाही, जास्त नाही, दर वेळी नऊच. म्हणून कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यातून तिच्याच अंकांची बेरीज वजा करा. जे उरेल ते नवाच्या पटीतच असते. नवाची कसोटी आपण लहानपणी घोकतो; तिचे मूळ या हातच्यात आहे.

इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला आनंद होत नाही.

१९८६ सालचा डिसेंबर. मी सत्तावीस वर्षांचा, नवा अधिकारी, एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत. तेव्हा सगळे हिशेब हाताने. सहामाहीचे आकडे जुळवायचे होते आणि बचत खात्यांच्या लेजरांची बेरीज मुख्य लेजरशी जुळत नव्हती. फरक ५,४०० रुपयांचा. त्या काळी ही काही लहान रक्कम नव्हती. तीन रात्री आम्ही बेरजा केल्या. चौथ्या दिवशी मी एका तरुण कारकुनाचे लेजर पुढे ओढले. तो नवा होता, घरची परिस्थिती बेताची होती आणि महिन्यापूर्वी त्याने आगाऊ पगार मागितला होता. मी या तीन गोष्टींची बेरीज केली आणि भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "उद्या लेखी खुलासा द्या." त्याचा चेहरा मला अजून दिसतो. तो काही बोलला नाही. टेबलावरची पेन्सिल उचलून त्याने खिशात ठेवली आणि पुन्हा काढून टेबलावर ठेवली.

आमचे हेड क्लार्क निवृत्तीला आलेले होते. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, माणसाले हात लावाच्या आधी आकड्याले हात लावा. फरक किती? पाच हजार चारशे. पाच अन् चार नऊ. हा आकडा उलटा पडलेला दिसते."

मग त्यांनी कागदावर मांडून दाखवले. ५,४०० ला नवाने भाग जातो. हजार आणि शतक या जागचे दोन अंक उलटे पडले तर फरक नेहमी नऊशेच्या पटीत येतो. ५,४०० म्हणजे नऊशेच्या सहापट, तेव्हा त्या दोन अंकांत सहाचे अंतर असले पाहिजे. म्हणजे ७,१०० चे १,७०० झाले असतील, ८,२०० चे २,८०० किंवा ९,३०० चे ३,९००. नाहीतर शून्य गळून सहा हजारांचे सहाशे झाले असतील. "एवढेच आकडे पाहाचे. बाकी सारे सोडून द्या."

रात्री साडेदहाला सापडले. ८,२०० चे व्हाऊचर, लेजरमध्ये २,८००. नोंद त्याच कारकुनाच्या हातची होती. आणि नोंदीपुढे, तपासली म्हणून, माझी सही होती.

८,२०० आणि २,८००. अंक तेच, म्हणून अंकांची बेरीजही तीच, दहा. दोन्हींतून दहा वजा करा. उरतात ८,१९० आणि २,७९०, दोन्ही नवाच्या पटीतल्या. मग त्यांच्यातला फरक नवाच्या पटीबाहेर जाणार कसा? हेड क्लार्कना हे कारण ठाऊक होते की नुसता नियम, ते मी विचारले नाही. पण त्यांनीच मला हेही बजावले की नवाने भाग गेला म्हणजे निकाल लागला असे समजायचे नाही. कुणी खरोखरच ५,४०० उचलले असते तरी भाग गेलाच असता. नऊ कुठे पाहायचे ते दाखवतो. काय घडले ते व्हाऊचरच सांगते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावून दिलगिरी व्यक्त केली. तो म्हणाला, "साहेब, आधी बेरीज केली असती तर." वाक्य त्याने पुरे केले नाही. माझ्याकडून एक गोष्ट राहून गेली ती राहूनच गेली. आरोप मी हॉलमध्ये केला होता आणि दिलगिरी केबिनमध्ये. ज्यांनी पहिले ऐकले त्यांनी दुसरे ऐकले नाही. हा हिशेब माझ्या वहीत आजही जुळलेला नाही.

ही गोष्ट मी नातीला सांगितली. तिने विचारले, "त्या दादाले मग कुणी चोर म्हटलं का?" मी म्हटले, "माझ्यासमोर नाही." यावर ती काही बोलली नाही, मलाही पुढे काही सुचले नाही.

मी एवढा आग्रह का धरतो ते आता लक्षात आले असेल. संख्येपुढे हात जोडणे आणि संख्येला घाबरणे या दोन सवयी वरून वेगळ्या दिसतात. पण दोन्हींत 'का' हा प्रश्न विचारायचा राहून जातो. आणि ज्याला 'का' विचारायची सवय नाही तो संख्येच्या बाबतीत जे करतो तेच माणसांच्या बाबतीत करतो. तीन गोष्टी शेजारी ठेवतो आणि त्यांची बेरीज आली असे समजतो. मी तेच केले होते.

यात योगायोग आणि कारण वेगळे करणेही आले. आमच्या संख्येबद्दलच सांगतो. १११११११११ चे मूळ अवयव आहेत ३, ३, ३७ आणि ३३३६६७. त्यावरून हिशेब केला तर १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येला नेमके पंचेचाळीस विभाजक आहेत. एक ते नऊ अंकांची बेरीजही पंचेचाळीसच. हे वाचून अंगावर रोमांच येईल. पण या दोन पंचेचाळिसांना जोडणारे कारण मला सापडत नाही, आणि शेजारच्या डेम्लो संख्येत हा मेळ टिकत नाही. आठ एकांच्या संख्येच्या वर्गाला ८१ विभाजक आहेत आणि एक ते आठची बेरीज छत्तीस. हा योगायोग. उलट, ही सतरा अंकी संख्या उजवीकडचे नऊ अंक सोडून तोडा. डावा तुकडा १२३४५६७८, उजवा ९८७६५४३२१. बेरीज करा. नऊ नऊ येतील, ९९९९९९९९९. हा मात्र योगायोग नाही, यामागे तोच हातचा आहे. कसा, ते आज दुपारी मुलांना घेऊन बसून शोधा. उत्तर मी मुद्दाम देत नाही.

गणिताचे शिक्षण कसे सुधारावे यावर समित्या बसतात, बसोत. माझे मागणे लहान आहे. आठवड्यातून एक तास घरातल्या मोठ्या माणसाने मुलाबरोबर एका संख्येपाशी बसावे. गुण मिळवण्यासाठी नाही, परीक्षेसाठी नाही. त्याला पाढे कुणी जबरदस्तीने म्हणायला लावू नयेत. हातात तूर, सोयाबीन, चिंचोके जे असेल ते द्यावे आणि मांडू द्यावे. मोठ्या माणसाला उत्तर येत नसेल तर फारच छान. त्याने ते कबूल करावे. घरातले मोठे माणूस 'मलाही ठाऊक नाही, चल पाहू' असे म्हणते तेव्हा मुलाची निम्मी भीती तिथेच जाते. कापरेकर मास्तरांजवळ याहून मोठी प्रयोगशाळा नव्हती.

संध्याकाळी तूर पुन्हा सुपात गेली. सौभाग्यवतींनी ती निवडली आणि वर नातीला ऐकवले की शंभरातला एक दाणा ओसरीच्या फटीत गेला आहे. नात फटीत काडी घालून तो काढायला बसली होती. मी तिला विचारले, "अकरा जणांना निरोप पाठवलास का?"

ती मान वर न करता म्हणाली, "अजून नाही. अकरा ओळी मांडल्यावर काय होते ते पाहून राहिली आहे."